आदिवासी बचत गटाचा धंदा आणि सरकारी मदत: पुणे जिल्ह्यात कुठल्या दारात कधी जायचं

पुण्यात आदिवासींसाठीचं सरकारी ऑफिस कुठं, असं विचारलं की बहुतेक जण क्वीन्स गार्डनचं नाव सांगतात. तिथं आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, बघण्यासारखं संग्रहालय आहे, जमातीच्या दाखल्यांची तपासणीही तिथंच चालते. पण हिरडा दळायची चक्की, भाताची गिरणी किंवा धंद्याला कर्ज यातलं काही तिथं मिळत नाही. जिल्ह्यातल्या आदिवासी योजनांचा कारभार चालतो घोडेगावातून, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून. कर्ज देणारं शबरी महामंडळ नाशिकचं. आणि बँकेकडून कर्ज, सरकारकडून अनुदान अशी योजना हवी असेल तर शिवाजीनगरचं जिल्हा उद्योग केंद्र. या तीन दारांमध्ये लोकांचे हेलपाटे होतात आणि पावसाळा येतो.

मी आंबेगावच्या पश्चिमेकडची, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची. आमच्या गटाची कागदपत्रं मी बघते, म्हणून आजूबाजूच्या वाड्यांमधल्या बायका आणि हल्ली मावळ-मुळशीकडची पोरंही विचारायला येतात. प्रत्येकाला तेच सांगायचं, त्यापेक्षा एकदाचं लिहून टाकते. ज्यांनी आजवर एकही फाइल केलेली नाही, त्यांच्यासाठी हे आहे.

१. आधी धंदा ठरवा, मग योजना विचारा

"ताई, सध्या कुठली योजना चालू आहे?" हा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला मी आधी बसवते. योजना शेळ्यांची चालू असली की तो शेळ्या घेणार, शिलाई मशीनची असली की मशीन घेणार. दोन वर्षांनी शेळ्या विकलेल्या असतात आणि मशीनवर गोधड्या ठेवलेल्या असतात. आपल्याकडे काय पिकतं, काय गोळा होतं आणि ते आज कोण, कितीला नेतं, हे आधी वहीत लिहा.

आमच्याकडचं उदाहरण हिरड्याचं. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला आणि भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी घरांत उन्हाळ्याची रोख कमाई म्हणजे हिरडा. एप्रिल-मे मध्ये फळ कोवळं असताना, आत आठोळी धरायच्या आधी झाडावरून काढतात तो बाळहिरडा. त्याला भाव असतो. झाडावर पिकून पुढे खाली पडतो तो मोठा हिरडा, त्याला बाळहिरड्याच्या मानानं फारच कमी. बाळहिरडा कडक उन्हात काळाकुट्ट, सुरकुतलेला वाळला पाहिजे. मूठभर घेऊन हलवला की खडखडला पाहिजे. दबका आवाज आला तर आत ओल आहे, आणि ते एक पोतं शेजारच्या चार पोत्यांना बुरशी लावतं. वळवाचा एक पाऊस खळ्यावर झाला की व्यापारी निम्मा भाव सांगतो, आणि त्याच्याशी भांडता येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं तर झाडांचंच नुकसान केलं, त्याची झळ इकडच्या घरांना पुढेही बसली.

आता या धंद्यात पैसा कुठं अडतो ते बघा. झाडावर चढणारी माणसं आहेत, माल आहे. नसतं ते वाळवायला पत्र्याखालचा ओटा, ताडपत्री, वजनकाटा आणि महिनाभर माल धरून ठेवायची ताकद. म्हणजे मागायची ती ही चार गोष्टींची मदत. पावडरीचं यंत्र नंतर. हे एकदा कळलं की कुठल्या दारात जायचं ते आपोआप ठरतं.

२. एकटा, गट की ग्रामसभा

सरकारची मदत तीन वाटांनी येते आणि एका वाटेचा कागद दुसऱ्या वाटेवर चालत नाही.

एकट्यासाठी: दुकान, रिक्षा, शेळीपालन, पिठाची गिरणी. यासाठी प्रकल्प कार्यालयाचा वैयक्तिक लाभ, शबरीचं कर्ज किंवा उद्योग केंद्राची योजना.

गटासाठी: गोळा करणं, साठवणं, प्रक्रिया, विक्री. यासाठी वनधन केंद्र (त्याबद्दल पुढे पाचव्या भागात) किंवा 'उमेद'मधून, म्हणजे राज्याच्या ग्रामीण बचत गटांच्या अभियानातून, बँकेचं कर्ज.

ग्रामसभेसाठी: रानावरचा हक्क, मालाची वाहतूक, व्यापाऱ्याशी करार. यासाठी वनहक्क कायदा आणि पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा कायदा.

इथं गावाचा पत्ताही बघावा लागतो. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथं पेसा लागू आहे. मावळ, मुळशी, भोरमधल्या कातकरी आणि ठाकर वाड्या त्या क्षेत्राबाहेर आहेत. त्यांनी घाबरायचं कारण नाही. व्यक्तीला मिळणारे बहुतेक लाभ जमातीवर मिळतात, आणि वनहक्क कायदाही क्षेत्राबाहेर लागू आहे. फक्त पेसाचे अधिकार त्यांना सांगता येत नाहीत. अर्ज लिहिताना हे लक्षात ठेवा, नाहीतर नकार येतो तो एका ओळीचा.

३. कागदपत्रांची पिशवी

एक प्लास्टिकची फाइल घ्या, त्यात मूळ कागद आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स ठेवा. यादी अशी:

– जमातीचा दाखला (प्रांत कार्यालयाचा, आंबेगाव-जुन्नरकरांना मंचर)
– तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, चालू वर्षाचा
– रहिवासी दाखला, रेशनकार्ड
– आधार, आणि आधारला जोडलेलं बँक खातं
– सातबारा किंवा वनपट्टा. जागा भाड्याची असेल तर करारनामा
– यंत्र घ्यायचं असल्यास जीएसटी नंबर असलेलं कोटेशन
– गटासाठी: ठराव, सभासद यादी, गटाचं पासबुक, इतिवृत्ताची वही

सगळ्यात जास्त फायली अडतात त्या जमातीच्या दाखल्यावर, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'कोळी' किंवा 'हिंदू कोळी' लिहिलेलं असेल तर त्यावर अनुसूचित जमातीचा दाखला निघणं कठीण जातं. यादीत नोंद 'कोळी महादेव' अशी आहे. अशा वेळी वडील, आजोबा, चुलते यांच्या जुन्या नोंदी काढायच्या: प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची गावनमुना १४ ची नोंद, जुने फेरफार. स्वातंत्र्याच्या आधीची नोंद मिळाली तर तिला फार वजन आहे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ला कुटुंब कुठं राहत होतं हे बघतात. म्हणून पिंपरी-चिंचवडला दोन पिढ्या राहिलेल्या माणसालाही दाखला आजोबांच्या मूळ गावच्या प्रांताकडूनच काढावा लागतो. हडपसरच्या सेतूत चार तास बसून तो मिळणार नाही.

लग्न झालेल्या बायकांचा दाखला माहेरच्या नावानं, वडिलांच्या कागदांवर निघतो. आधारवर मात्र सासरचं नाव. मधला दुवा म्हणून विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र जोडायचं. हे आधीच करून ठेवा, कारण गटात वीस बायका असतील तर निम्म्या जणींची हीच अडचण निघते.

तपासणी समितीचं वैधता प्रमाणपत्र प्रत्येक ठिकाणी लागत नाही. ते लागतं मुख्यतः व्यावसायिक शिक्षणाला, राखीव नोकरीला आणि निवडणुकीला. शेळ्या किंवा गिरणीसाठी दाखला सहसा पुरतो. कुणी "आधी व्हॅलिडिटी काढा, मी काढून देतो" म्हणालं तर कशासाठी, ते विचारा. आणि वैधता खरंच काढायची असेल तर मार्च २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल माहीत असू द्या: चालीरीती, देवदेवतांचे प्रश्न विचारून घेतात ती आप्तभाव चाचणी हीच एकमेव कसोटी नाही, जुने कागद महत्त्वाचे आहेत.

बँक खात्याचं एक. 'आधार लिंक आहे' आणि 'आधारवर सरकारी पैसे याच खात्यात येतात' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग करा" असंच सांगायचं. डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात. मागे कुठल्याशा योजनेसाठी उघडलेल्या दुसऱ्याच बँकेच्या खात्यात पैसे जाऊन बसतात आणि माणूस वर्षभर "मंजूर झालं पण आलं नाही" म्हणत फिरतो.

४. घोडेगावचं प्रकल्प कार्यालय

इथली आपल्या कामाची गोष्ट म्हणजे न्यूक्लिअस बजेट. मोठ्या योजनांमध्ये न बसणाऱ्या, पण त्या भागात गरज असलेल्या कामांसाठी प्रकल्प अधिकाऱ्यांच्या हातात असलेला हा निधी. उत्पन्नवाढीची साधनं, प्रशिक्षण वगैरे त्यात येतं. दरवर्षी यादी बदलते. एका वर्षी ताडपत्री असेल, दुसऱ्या वर्षी नसेल. अर्ज मागवल्याची जाहिरात येते, मुदत थोडी असते, अर्ज कधी कागदावर तर कधी ऑनलाइन. म्हणून पिशवी आधी तयार ठेवायची. जाहिरात आल्यावर उत्पन्नाचा दाखला काढायला धावलं की मुदत गेलीच.

जाहिरातीत आपल्याला हवी ती वस्तू नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून, किती घरांना गरज आहे त्याची यादी जोडून, पुढच्या वर्षीसाठी मागणी द्या. एकट्याच्या तोंडी विनंतीपेक्षा चाळीस सह्यांचा ठराव टेबलावर वेगळा दिसतो.

अर्ज दिला की आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. "ठेवून जा, बघतो" याला पोच म्हणत नाहीत. नंतर फोन करतानाही नावाऐवजी तो क्रमांकच सांगायचा.

कातकरी बांधवांसाठी वेगळं सांगते. कातकरी ही विशेष असुरक्षित आदिवासी समूहांमध्ये मोडणारी जमात, आणि १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेलं पीएम-जनमन अभियान याच समूहांसाठी आहे. घर, रस्ता, पाणी यांच्याबरोबर वनधन केंद्रंही त्यात आहेत. अडचण अशी की शिबिरं आणि सर्व्हे होतात तेव्हा अर्धी वाडी वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर गेलेली असते. दिवाळीनंतर उचल घेऊन गेलेलं घर पावसाच्या तोंडावर परततं. तेव्हा वाडीवरच्या एका लिहित्या-वाचत्या माणसानं सगळ्यांच्या आधारच्या आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स सांभाळायच्या, आणि शिबिर जून ते दिवाळीच्या मध्ये वाडीवरच घ्या अशी लेखी मागणी करायची. योजनेचं कर्ज घेऊन ते मालकाची उचल फेडण्यात घालवू नका. धंदा उभा राहत नाही आणि देणं मात्र दोन ठिकाणी होतं.

५. वनधन केंद्र: कागदावर सोपं, माणसांत अवघड

२०१८ मध्ये सुरू झालेली ही केंद्राची योजना. साधारण वीस-वीस जणांचे पंधरा गट, म्हणजे तीनशेच्या आसपास वनउपज गोळा करणारे, मिळून एक केंद्र होतं. एका केंद्राला १५ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यात प्रशिक्षण, साधनं, पॅकिंग, ब्रँडिंग येतं. महाराष्ट्रात याचं काम शबरी महामंडळ बघतं. पुढे ही योजना ज्या प्रधानमंत्री जनजातीय विकास मिशनमध्ये घेतली, त्याची मुदत २०२५-२६ पर्यंतची होती, त्यामुळे नवा प्रस्ताव करण्याआधी सध्या नवीन केंद्रं मंजूर होतात का, हे महामंडळाला लेखी विचारा.

तीनशे नावं गोळा करणं अवघड नाही. अवघड आहे ती पुढची व्यवस्था. माल कुठल्या वाडीवर तोलायचा? काटा कुणाच्या घरी? पैसे त्याच दिवशी द्यायचे की विकल्यावर? व्यापारी दारात येऊन रोख देतो, आणि केंद्र महिन्यानं देणार असेल तर पोराच्या शाळेची फी भरायची असलेली बाई व्यापाऱ्यालाच देणार. तिला दोष देऊन उपयोग नाही. माझं स्पष्ट मत आहे की ज्या केंद्राकडे खरेदीसाठी खेळतं भांडवल नाही, त्यानं यंत्र घेऊ नये. आधी गटाची बचत आणि 'उमेद'मधून मिळणारं बँक कर्ज यावर एक हंगाम निव्वळ वाळवून, निवडून, एकत्र विकून बघा. नुसतं एकत्र विकलं तरी वाहतूक वाटली जाते आणि व्यापारी काट्यात खेळ करायला कचरतो.

बँक गटाला कर्ज देते ते वह्या बघून. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड यांच्या नोंदी त्या-त्या दिवशीच्या हव्यात. एकाच पेनानं एका बैठकीत बसून लिहिलेली वर्षभराची वही बँकवाल्याला पहिल्या पानावर ओळखू येते.

६. कर्ज घ्यायचं असेल तर

शबरी महामंडळ राष्ट्रीय अनुसूचित जमाती वित्त व विकास महामंडळाच्या योजना राबवतं. बायकांसाठी आदिवासी महिला सशक्तीकरण योजना बघण्यासारखी आहे: २ लाखांपर्यंतचा व्यवसाय, त्यातली ९० टक्क्यांपर्यंत रक्कम कर्ज, व्याज वर्षाला ४ टक्के. अट म्हणजे जामीन. जामीनदार आधी शोधा, फॉर्म नंतर भरा.

दुसरी वाट पीएमईजीपी, म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. अर्ज ऑनलाइन, पुण्यात जिल्हा उद्योग केंद्राकडून किंवा खादी ग्रामोद्योगाकडून. अनुसूचित जमातीच्या अर्जदाराला ग्रामीण भागात ३५ टक्के आणि शहरात २५ टक्के अनुदान, स्वतःचा हिस्सा ५ टक्के. उत्पादनाचा प्रकल्प ५० लाखांपर्यंत, सेवेचा २० लाखांपर्यंत. राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजनाही साधारण याच धर्तीची आहे.

इथं फसगत होते ती अनुदानाच्या समजुतीत. हे पैसे हातात येत नाहीत. बँकेत तुमच्या नावानं तीन वर्षं ठेवीसारखे अडकतात आणि धंदा चालू दिसला तर कर्जात वळते होतात. मधल्या काळात हप्ता चालूच. "३५ टक्के माफ" असं सांगणारा एजंट हे सांगत नाही. प्रकल्प अहवालही नेटवरून उतरवलेला देऊ नका. बँकेचा माणूस "महिन्याला किती किलो माल, कुणाला, कितीनं?" एवढंच विचारतो, आणि वहीतलं उत्तर तोंडपाठ असलेल्या बाईची फाइल पुढे सरकते.

शेतीचं काही हवं असेल, नवी विहीर, पंप, ठिबक, तर ते वेगळं खातं: बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना, जिल्हा परिषदेचा कृषी विभाग, अर्ज महाडीबीटीवर.

७. रानातला माल बाहेर नेताना

२००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपज, म्हणजे हिरडा, मध असा लाकूड सोडून रानातला माल, गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. सामूहिक वनहक्क, म्हणजे सगळ्या गावाचा मिळून रानावरचा हक्क, मंजूर असेल तर मालाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देऊ शकते. २०१२ च्या नियमदुरुस्तीत तसं स्पष्ट आहे. पेसा गावांना २०१४ च्या राज्याच्या नियमांचाही आधार आहे. कायदा अभयारण्यालाही लागू आहे, त्यामुळे भीमाशंकरच्या हद्दीतल्या गावांनीही दावा सोडू नये.

टेम्पोत माल भरला की बरोबर तीन कागद द्या: सामूहिक वनहक्काच्या आदेशाची प्रत, समितीचा परवाना, आणि माल कुणाकडे चालला त्याची चिठ्ठी. ड्रायव्हरला यातलं काही माहीत नसतं. नाक्यावर अडवलं की तो पहिल्यांदा तुम्हालाच फोन लावतो, आणि आपल्याकडे रेंज कुठं असते.

८. विकण्याआधीचे परवाने

उद्यम नोंदणी मोफत आहे. आधार आणि पॅन घेऊन मोबाइलवर होते. तिचे हजार-दोन हजार मागणाऱ्याला नमस्कार करा. ती करून ठेवा, कारण केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातीच्या लघुउद्योजकांसाठी ४ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलेलं आहे, आणि त्यात मोजलं जायला ही नोंदणी हवी.

खाण्याचा पदार्थ, म्हणजे तांदूळ, नाचणीचं पीठ, मध, लोणचं विकायचं असेल तर अन्नसुरक्षेची साधी नोंदणी घ्या. लहान धंद्याला तिची फी अगदी किरकोळ असते. राज्यातल्या राज्यात वस्तूंची विक्री वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सहसा गरज पडत नाही. वजनकाटा वैधमापन खात्याकडून तपासून शिक्का मारून घ्या, पाकिटावर वजन, किंमत, पॅकिंगचा महिना आणि पत्ता टाका.

हिरड्याच्या पावडरीबद्दल मात्र जपून. सुका हिरडा औषध कंपनीला किंवा व्यापाऱ्याला कच्चा माल म्हणून विकणं वेगळं आणि डबीवर "पोट साफ होतं, मूळव्याध बरी होते" असं छापून विकणं वेगळं. आजार बरा करायचा दावा केला की ते औषध झालं, आणि त्याला आयुर्वेदिक औषध बनवण्याचा परवाना लागतो. बचत गटाच्या स्टॉलवर असल्या डब्या सर्रास दिसतात. ज्या दिवशी कुणी तक्रार करेल त्या दिवशी डबी कुणाच्या नावावर आहे तेच बघतील.

पुण्यात माल खपतो, यात शंका नाही. डिसेंबरात भीमथडी जत्रेत स्टॉल मिळाला तर हातसडीचा तांदूळ आणि नाचणी घेऊन जा. स्टॉलवर क्यूआर कोड लावायचा तो गटाच्या खात्याचा. घाईत कुणाच्या तरी मुलाच्या मोबाइलचा लावला तर पैसे त्याच्या खात्यात, आणि हिशोबाचं भांडण गटात. पाकिटावर मोबाइल नंबर छापताना अध्यक्षबाईंचा न टाकता गटाचं वेगळं सिम घेऊन तो टाका, कारण अध्यक्ष बदलते, पाकिटं उरतात. आणि ज्या गिऱ्हाइकानं दुसऱ्यांदा फोन केला त्याचं नाव, सोसायटी आणि किती किलो, हे वहीत लिहा, बँकेत "कुणाला विकता?" असं विचारतील तेव्हा तीच वही पुढे करायची.